गल्लीबोळांतून चालणारा प्रोफेसर

आमच्या महिला मंडळातर्फे दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासणीचं शिबिर असतं. शिबिराचा शेवट ठरलेला. डॉक्टरीणबाई प्रत्येकीचा कागद बघतात, गोडाचं विचारतात आणि म्हणतात, रोज अर्धा तास चाला. बायका मान डोलावतात, फुकटच्या गोळ्या पर्समध्ये टाकतात आणि पुढच्या वर्षी तेवढीच किंवा थोडी जास्त साखर घेऊन परत येतात.

गेल्या शिबिरात मात्र आमच्या शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी मान डोलावली नाही. त्यांनी सरळ विचारलं, कुठे चालू? आणि बोटं मोडत एकेक अडचण सांगायला सुरुवात केली. फुटपाथवर मोटारसायकली लावलेल्या. जिथे नाहीत तिथे पेव्हर ब्लॉक उखडलेले. त्यांची मैत्रीण तिथेच पडली आणि मनगट मोडून घेतलं. बाग आहे, पण ती रेल्वेच्या पलीकडे. पुलाच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. सकाळी डबे, दुपारी ऊन, संध्याकाळी गाड्या. गच्चीला कुलूप. डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. माझ्याकडे तरी काय उत्तर होतं? मी तर आयोजक!

त्या रात्री एक नाव आठवलं. बी.ए.ला समाजशास्त्र होतं, तेव्हा डॉ. गो. स. घुर्ये यांच्यावरचा प्रश्न हमखास यायचा. त्याच्या उत्तरात एक ओळ पाठ केली होती. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस; त्यांनीच तरुण घुर्यांना हेरून विलायतेला शिकायला पाठवण्याची शिफारस केली. बस, एवढंच. परीक्षेला एक मार्क. हे गेडीस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि आपल्या देशातल्या पन्नासएक गावांच्या गल्ल्या पायी तुडवून माणसाला चालावंसं वाटेल असं गाव कसं असतं, हेच शोधत होते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग वाचनालयातून जे मिळालं ते वाचत गेले.

गेडीस यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा, २ ऑक्टोबर १८५४चा. गांधीजींची आणि त्यांची जन्मतारीख एकच, पण गेडीस पंधरा वर्षांनी मोठे. वडील सैन्यातले. पुढे हे कुटुंब पर्थ गावाबाहेर टेकडीवरच्या एका छोट्या घरात राहायला गेलं. घराला बाग होती, खाली नदी होती. वडील मुलाला घेऊन बागेत काम करायचे आणि डोंगरातून लांब लांब फिरायला न्यायचे. या मुलाची खरी शाळा तीच. नंतर तो लंडनला हक्सले या मोठ्या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला, पण पदवी अशी कधी घेतलीच नाही. पदवी नसलेला माणूस प्रोफेसर झाला, हे आजच्या काळात कुणाला खरं वाटणार नाही.

पंचविशीत ते मेक्सिकोला संशोधनासाठी गेले आणि तिथे आजारी पडून त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून. ज्या माणसाचं सगळं आयुष्य सूक्ष्मदर्शकावर, त्याचे डोळे गेले! चाचपडताना हाताला खिडकीच्या तावदानांच्या चौकटी लागल्या. त्या चौकटींत मनातले विचार एकेक करून मांडायची सवय त्यांनी स्वतःला लावली. पुढे दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणं जमेना. मग झाडाझुडपांचं निरीक्षण करणारा हा माणूस माणसांच्या वस्त्यांकडे वळला. झाड सुकलं तर आपण झाडाला आळशी म्हणत नाही, माती आणि पाणी बघतो. त्यांनी माणसालाही हाच नियम लावला, असं मला त्यांच्या कामावरून वाटतं.

१८८६ साली त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची लेक, संगीत शिकलेली. नवी नवरी घरात आली आणि नवऱ्याने काय करावं? एडिंबरोतलं चांगल्या वस्तीतलं बिऱ्हाड सोडून तो तिला जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत घेऊन गेला. दाटीवाटी, घाण, अंधारे जिने, दारू. आपल्याकडे एखाद्या सुनेने माहेरी निरोप धाडला असता. ॲनाने खिडक्यांत कुंड्या लावल्या. दोघांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना दिला, अंगण झाडलं. अर्ज-विनंत्या नंतर, आधी हातात झाडू. हळूहळू शेजारीपाजारी आपणहून पुढे आले. समाजकार्य म्हणजे काय ते मला या एका प्रसंगात कळतं. आम्ही मंडळात ठराव करतो आणि चहा पितो!

पुढे १८८८पासून ते डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पण जीव एडिंबरोतच अडकलेला. तिथल्या जुन्या वस्तीत मोडकळीला आलेल्या घरांच्या जागी कितीतरी तुकडे रिकामे पडून होते, कचऱ्याने भरलेले. त्यांच्या मंडळींनी पायी फिरून असे पाऊणशेच्या वर तुकडे मोजून काढले. बागा करायचं काम अंगावर घेतलं ते त्यांची मुलगी नोरा हिने. काही वर्षांतच त्यातल्या थोड्या जागांवर छोट्या छोट्या बागा उभ्या राहिल्या. मैल-दोन मैलांवरचं भलंमोठं उद्यान नव्हे, आईला स्वयंपाक करताना खिडकीतून दिसेल एवढ्याशा बागा. मूल खेळतंय, आजी बाकावर बसलीय, आई जाता-येता पाच मिनिटं थांबतेय. बाग किती मोठी यापेक्षा ती पायरीपासून किती लांब, हे महत्त्वाचं. आमच्या काकूंचं दुखणं नेमकं तेच होतं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई फारच भारावल्या. याच गेडीस यांनी १८८९ साली एका सहकाऱ्याबरोबर पुस्तक लिहिलं, त्यात पुरुष निसर्गतःच शक्ती खर्च करणारा, धावपळ करणारा आणि स्त्री शक्ती साठवणारी, शांत, असा सिद्धान्त मांडला. त्या काळी तो पुष्कळांना पटला. मला हसू आलं. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, लोकल पकडणारी बाई या प्रोफेसरसाहेबांनी पाहिली नसावी! पण आयुष्यभर फिरता फिरता त्यांची नजर बदलत गेली असं दिसतं. भारतात आल्यावर तर ते गावाची पाहणी घरापासून, स्वयंपाकघरापासून, अंगणातल्या तुळशीपासून सुरू करायचे.

भारतात ते आले १९१४च्या शेवटी, मद्रासच्या गव्हर्नरच्या बोलावण्यावरून, वयाच्या साठाव्या वर्षी. बरोबर मोठा मुलगा ॲलस्टेर. शहरांविषयीचं त्यांचं मोठं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, आयुष्यभराची जमवाजमव, वेगळ्या जहाजाने येत होतं. महायुद्ध सुरू झालेलं. एमडेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. सगळं समुद्राच्या तळाला. मित्रांनी धावाधाव करून नवी चित्रं, नवे नकाशे जमवून पाठवले आणि जानेवारी १९१५मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

मग सुरू झाली पायपीट. मदुरा, तंजावर, ठाणे, नागपूर, लाहोर, लखनौ, बलरामपूर. आलेला साहेब बंगल्यावर उतरायचा, नकाशा मागवायचा, पट्टीने सरळ रेघ मारायचा आणि त्या रेघेखाली येणारी घरं पाडा म्हणायचा, अशी तेव्हाची रीत. गेडीस उन्हातान्हात गल्लीत शिरायचे. कुठे विहीर आहे, कुठे पार आहे, कुठल्या वळणावर बायका थांबतात, मुलं कुठे खेळतात, कुठलं घर पडीक आहे, हे घर न्‌ घर बघायचे. वैद्याने आधी नाडी पाहावी आणि मग औषध द्यावं, तसं. त्यांचं म्हणणं असं की अरुंद गल्ली ही वाईट नसते. उलट आपल्या हवेत ती सावलीची, धूळ कमी असलेली, पायी चालायला बरी. तिला मोठा रस्ता करण्याऐवजी मधली दोन-चार पडकी घरं काढा, तेवढ्या जागेत छोटा चौक होतो, त्यात एक झाड लावा, झाडाखाली बसायला जागा करा. घरं वाचतात, माणसं विस्थापित होत नाहीत, हवा खेळते आणि खर्चही वाचतो. तंजावरच्या एका वस्तीसाठी त्यांनी हिशेब मांडला तेव्हा मूळच्या रस्तारुंदीच्या योजनेच्या साधारण सहाव्या हिश्शात काम होणार होतं.

मी मूळची कराडची. सोमवार पेठेत, शनिवार पेठेत हिंडताना जे बोळ आणि पार मी पाहिलेत, ते हा माणूस कागदावर मांडत होता. माझी आजी कृष्णेच्या घाटावर जायची, देवळात जायची, वाटेत चार ओट्यांवर टेकायची. दिवसाकाठी तिचं चालणं किती व्हायचं कुणी मोजलं नाही. तिला चालायला जा असं सांगणारा डॉक्टरही कधी लागला नाही. तुमच्याही गावात आता जुन्या पेठांतून रुंदीकरण चाललं असेल, नाही का?

त्यांच्या अहवालांत एक सूचना वाचून मी थबकले. पडद्यात राहणाऱ्या, दिवसभर अंधाऱ्या घरात कोंडलेल्या बायकांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त, हे त्यांनी हेरलं आणि बायकांना निर्धास्तपणे मोकळ्या हवेत फिरता येईल अशा खास बागा करा म्हणून सुचवलं. शंभर वर्षांपूर्वी! आज क्षयाच्या जागी साखर आली आणि पडद्याच्या जागी ट्रॅफिक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४मध्ये आले होते. त्या पाहणीत महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत आणि आवड म्हणून चालणारी, खेळणारी माणसं दहात एकसुद्धा धड नाही, असं त्यात दिसलं. बायकांचं प्रमाण आणखी कमी. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं तरी अंग हलवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीडशे मिनिटं आम्ही रांगेत आणि रिक्षाच्या प्रतीक्षेत काढतो.

१९१७ साल मात्र गेडीस यांच्यासाठी काळं ठरलं. ॲना भारतात आलेल्या होत्या आणि तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. एप्रिलमध्ये तार आली. फ्रान्सच्या आघाडीवर ॲलस्टेर मारला गेला. तोच मुलगा, जो प्रदर्शनाच्या वेळी बापाच्या बरोबरीने राबला होता. गेडीस यांनी बायकोला काही कळू दिलं नाही. तिच्या उशाशी बसून ते मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिले, जणू तो अजून लिहितोच आहे. जूनमध्ये ॲना गेल्या, मुलगा गेल्याचं न कळताच. हे त्यांनी बरोबर केलं की चूक, मी ठरवू शकत नाही. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात आम्हीही त्यांच्यापासून एक बातमी लपवली होती. खोटं बोलताना आवाज सरळ ठेवणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी बोटीने परत गेला असता. गेडीस इंदूरला गेले, होळकरांच्या राज्यात. शहरात प्लेगची दहशत. लोक या टोपीवाल्या साहेबालाच प्लेगचं कारण समजून घाबरायचे. त्यांनी महाराजांकडे एक दिवसाचं राज्य मागितलं! आणि दिवाळीच्या मिरवणुकीची दवंडी पिटवली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नाही. ज्या आळीची घरं सर्वांत स्वच्छ, दुरुस्त, रंगवलेली आणि जिथे झाडं लावलेली, त्या आळीतून ती जाणार. मग काय विचारता! घराघरांतून कचरा बाहेर निघाला, गाड्यांवर गाड्या भरून गेला. मिरवणुकीत प्लेगचा अक्राळविक्राळ राक्षस होता, उंदीर होते, लक्ष्मी होती, शहराच्या नव्या आराखड्याचा देखावा होता. आणि सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, नवे झाडू घेऊन, मानाने चालत होते. शेवटी त्या राक्षसाला जाळलं. २०१७पासून वर्षानुवर्षं देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूरचं नाव पहिलं वाचलं की मला ही मिरवणूक आठवते. दोन्हींचा थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही, पण आठवते खरी.

१९१९मध्ये ते मुंबईला आले आणि १९२४पर्यंत विद्यापीठात शिकवलं. शिकवणं म्हणे अवघडच होतं. दाढीतल्या दाढीत पुटपुटायचे, मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा नाही, अक्षर तर कुणालाच लागायचं नाही. त्यांचे अहवाल नगरपालिकांच्या कपाटात पडून राहिले, त्यामागे हेही एक कारण असावं. पण ते वर्गाबाहेर शहर दाखवायचे, आणि ज्याला बघायचं त्याला ते दिसायचं.

गंमत बघा, ते मुंबईत होते नेमक्या त्याच वर्षांत आमची उपनगरं आकार घेत होती. नगररचनेचा मुंबईचा कायदा १९१५चा, उपनगर जिल्हा वेगळा झाला १९२०मध्ये. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली तेव्हा शेतं आणि वाड्याच. आमच्या मुलुंडची आखणी १९२२च्या सुमाराला एका जमीनदार कुटुंबाने वास्तुविशारद नेमून करून घेतली. स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंत एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते. ती आखणी गेडीस यांची नव्हे, आणि सरळ रेघांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. तरी २००३ साली लग्न होऊन मी इथे आले तेव्हा त्या आखणीचा फायदा मला रोज मिळाला. भाजी, दूध, पोस्ट, मुलाची शाळा, देऊळ, सगळं दहा मिनिटांच्या पायवाटेवर. तीन मजली इमारती, लिफ्ट नाही, जिन्यात गप्पा. आता त्याच प्लॉटवर टॉवर आलेत. तळमजल्याच्या ओट्यांच्या जागी तीन मजले पार्किंग आहे. रस्ते तेच, तेवढेच, पण चालणारीला जागा राहिली नाही. भाजी फोनवर येते. आमच्या काकू आठव्या मजल्यावर राहतात, आणि लिफ्ट बंद पडली तरच त्यांचे पाय जिन्याला लागतात.

मग आम्ही नऊ जणींनी ठरवलं, गेडीस यांच्यासारखं करून बघू. दर मंगळवारी दुपारी चार ते पाच, एक वही, एक गल्ली. फुटपाथ कुठे तुटला, कुठे गटाराचं झाकण हलतं, कुठे सावली आहे, कुठे टेकायला जागा आहे, कुठे दिवा लागत नाही. तिसऱ्या मंगळवारी लक्षात आलं की स्टेशनपासून आमच्या इमारतीपर्यंत बसायला एकही बाक नाही. तरुण नगररचनाकाराला हे सुचणार नाही, पण साठीच्या बाईला मध्ये टेकायला मिळणार नसेल तर ती निघतच नाही. आणखी एक सापडलं. दोन इमारतींच्या मधला एक बोळ होता, पूर्वी सगळे त्यातून बाजारात जायचे. त्याला कुणीतरी लोखंडी दार लावून कुलूप घातलेलं. त्या एका कुलपामुळे फेरा जवळजवळ दुप्पट होत होता, तोही मोठ्या रस्त्याने.

वहीची नीट नक्कल करून आम्ही अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. दुसरा दिला. त्याचंही तेच. मग जेम्स कोर्ट आठवलं. दोन्ही इमारतींच्या सेक्रेटरींना एकत्र चहाला बोलावलं, वही दाखवली. वाद झाला, चोरीची भीती निघाली, कुत्र्यांची निघाली. शेवटी सकाळी सहा ते रात्री नऊ दार उघडं ठेवायचं ठरलं. चावी वॉचमनकडे. बोळ आम्हीच झाडला. एकीने जुन्या फरशीचा कट्टा बांधून दिला, बदामाच्या झाडाखाली.

गेडीस यांनी मुंबई सोडली ती प्रकृतीमुळे. फ्रान्समध्ये माँपेलिये इथे डोंगरउतारावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह आणि भोवती बाग उभारली. १९२५मध्ये तेल अवीव शहराचा आराखडाही केला. १९३२च्या सुरुवातीला सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्या बागेजवळच त्यांनी डोळे मिटले.

परवा काकू बोळातल्या कट्ट्यावर बसलेल्या दिसल्या. हातात कोथिंबिरीची जुडी. साखर कमी झाली का, विचारलं, तर म्हणाल्या अजून तपासली नाही, पण कोथिंबीर फोनवरच्यापेक्षा ताजी मिळते. त्यांचं अर्धं अंतर झालं होतं. टेकल्या होत्या, आता उरलेलं अर्धं चालणार होत्या. आमची वही अजून भरायची आहे. पूर्वेकडचे रस्ते राहिलेत, आणि तो रेल्वेचा पूल. त्याच्या पायऱ्या पुढच्या मंगळवारी मोजायच्या आहेत.